भिंतबाई

सगळ्या वर्गाने एकदम जिभा बाहेर काढल्या आणि मागच्या बाकावरच्या बाईंना हसू फुटायच्या बेतात आलं. पण हसायची सोय नव्हती. त्यांनी खालचा ओठ दातांखाली धरला आणि मांडीवरच्या फळीला चिमट्याने लावलेल्या कागदावर पेन्सिलीने खूण केली. 'विद्यार्थी कृतीत सहभागी आहेत' या चौकटीत.

"नुसती बाहेर नका काढू. दोन्ही कडा वर घ्या," फळ्याजवळून मास्तर सांगत होते. "नळी करा, नळी. जमतंय का?" त्यांची स्वतःची जीभ काही केल्या वळत नव्हती, म्हणून ते बिचारे तळहाताची पन्हळ करून दाखवत होते.

"सर, माझी वळते!"

"सर, ह्याची बघा, नुसतीच लोंबतेय!"

"सर, ही माझ्या अंगावर थुंकली!"

बाईंच्या पुढच्याच बाकावर एक मुलगी बसायची. तिचं लक्ष पुढे कमी आणि मागे जास्त, म्हणून मास्तरांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. ती गर्रकन मागे वळली. जिभेची सुरेख नळी करून तिने त्यातून फुंकर मारली.

"भिंतबाई, तुमची वळते का हो?"

बाईंनी खिडकीकडे पाहिलं.

भिंतबाई हे नाव मुलांनीच ठेवलं होतं आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. वर्गात येऊन बसणाऱ्या निरीक्षकाने हसायचं नाही, मान हलवायची नाही, मुलांनी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, नजरेला नजर भिडलीच तर दुसरीकडे बघायचं. शिक्षणशास्त्राच्या संशोधनातला हा पहिला धडा. माणूस बघतोय म्हटलं की वर्ग बदलतो, म्हणून बघणाऱ्याने माणूस असल्याचं जाणवू द्यायचं नाही. सवय व्हावी म्हणून बाई कागद-पेन्सिल न घेता कितीतरी दिवस नुसत्याच येऊन बसल्या होत्या. पहिल्या आठवड्यात मुलांनी त्यांच्याकडे बघून वाकुल्या दाखवल्या, दुसऱ्यात कुजबुज केली, तिसऱ्यात मुलं त्यांना विसरून गेली. एकटी भिंगरी तेवढी विसरली नाही. बाईंची पेन्सिल अडली की ती आपलं खोडरबर न बघताच खांद्यावरून मागे सरकवायची. बाई ते घ्यायच्या नाहीत. तास संपला की ती ते परत उचलायची आणि मैत्रिणीला सांगायची, "भिंतीला कान असतात, हात नसतात."

मास्तरांनी गृहपाठ सांगितला. घरी जाऊन आई-बाबांची जीभ वळते का ते पाहून यायचं आणि तक्त्यात लिहायचं. हातातल्या पाठाच्या आराखड्यावरून एक वाक्य त्यांनी ठळक आवाजात वाचून दाखवलं, "जीभ वळण्याचा गुण आई किंवा बाबा यांच्यापैकी एकाकडून तरी यावाच लागतो. दोघांचीही वळत नसेल, तर मुलाची वळू शकत नाही."

बाईंनी खूण केली. 'शिक्षकाने आराखड्यातील विधान जसेच्या तसे सांगितले: होय.'

आराखडा त्यांनीच लिहिलेला होता. मुलांनी आनुवंशिकता पुस्तकातून घोकण्याऐवजी स्वतःच्या अंगावर आणि घरच्या माणसांत पडताळून पाहिली, तर ती जास्त कळते का, हा त्यांचा पीएचडीचा विषय. विषय मांडताना त्यांचा ऊर भरून आला होता. लग्नाआधी त्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत होत्या. तिथून संसार, संसारातून बी.एड., बी.एड.मधून अध्यापक महाविद्यालयातली हंगामी नोकरी, असं करत करत सूक्ष्मदर्शक कधी सुटला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. या प्रबंधात जीवशास्त्र आणि शिक्षण ही त्यांची दोन्ही घरं एकत्र येणार होती.

आणि ते वळणाऱ्या जिभेचं वाक्य खरं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. कितीतरी पाठ्यपुस्तकांत ते असतं, शिक्षकांना आवडतं, मुलं तर त्यावर जीव टाकतात. पण हुबेहूब जुळ्या भावंडांतसुद्धा एकाची वळते आणि दुसऱ्याची नाही, हे फार पूर्वीच दिसून आलेलं होतं. म्हणून बाईंनी आराखड्याच्या तळाशी एक ओळ लिहिली होती की असे अपवाद भेटतील, तेव्हा मुलांना मोकळेपणाने सांगावं. मार्गदर्शकांनी त्या ओळीवर लाल काट मारली. "एका तासाला एकच कल्पना. मुलांना गोंधळात टाकू नका, आणि पडताळणीलाही." बाई तेव्हा गप्प बसल्या. त्यांनी आधीचे दोन मार्गदर्शक पाहिले होते, एक निवृत्त झाले आणि दुसरे परदेशी गेले. तिसऱ्याशी कोण भांडणार?

घरी चहाचं आधण ठेवताना बाईंनी सहज म्हणून यजमानांना विचारलं, "अहो, जीभ काढा बघू."

"का? कडू बोललो काय सकाळी?"

"वळवून दाखवा."

यजमानांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून प्रामाणिकपणे प्रयत्न केला. डोळे तिरळे झाले, जीभ सपाट ती सपाटच. सासूबाई आतून बघत होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला.

"शिकून शिकून हेच बाकी राहिलं होतं. अगं सूनबाई, मूलसुद्धा नऊ महिन्यांत बाहेर येतं. तुझं हे बाळंतपण कधी उरकायचं?"

"ही शेवटची शाळा, आई. महिनाभरात मुलांची परीक्षा झाली की झालं."

"गेल्या वर्षीही तू शेवटचीच म्हणाली होतीस."

यात अतिशयोक्ती नव्हती. गेल्या वर्षीची शेवटची शाळा मध्येच अभ्यासातून बाहेर पडली होती, कारण तिथल्या मुख्याध्यापिका बदलल्या. विद्यापीठाने यंदा मुदत वाढवून देताना 'यापुढे वाढ नाही' असं स्पष्ट कळवलं होतं. महाविद्यालयाने त्याहून स्पष्ट, की पदवी नसेल तर पुढच्या सत्रापासून येण्याची तसदी घेऊ नये. ही शाळा हातची गेली तर बाकीच्या शाळांतून गोळा केलेलं सगळं रद्दीच्या भावाचं होतं. यजमान कधी बोलून दाखवत नसत. पण भिंतीवरच्या कपाटात कागदांनी भरलेल्या पेट्यांकडे त्यांची नजर जायची आणि ते नुसताच सुस्कारा टाकायचे. त्या सुस्काऱ्यापेक्षा दोन शब्द बोललेले परवडले असते, असं बाईंना वाटायचं.

पुढच्या तासाला मुलं तक्ते घेऊन आली. कुणाच्या आजोबांची वळत होती, कुणाच्या मावशीने जीभ काढायला साफ नकार दिला होता. भिंगरीची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, आईची वळत नाही, बाबांची वळत नाही. माझी वळते."

मास्तरांनी आराखड्यात पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. "नीट पाहिलं नसशील."

"पाहिलं, सर. आईला आरशासमोर उभं केलं. बाबांच्या जिभेच्या कडा मी बोटाने वर धरून पाहिल्या. सोडल्या की पडतात."

वर्ग खदखदून हसला. बाईंना मात्र आतून काहीतरी लखकन उजळल्यासारखं झालं. एवढ्या शाळा पालथ्या घातल्या, एवढ्या मुलांनी निमूट तक्ते भरले. खरोखर तपासून पाहणारी आणि पुस्तकाशी जुळत नाही हे भर वर्गात सांगणारी ही पहिलीच. ज्याचा शोध घेत त्या इतकी वर्षं मागच्या बाकावर बसत होत्या ते त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभं होतं, आणि त्यासाठी कागदावर चौकट नव्हती.

"पण असं होऊ शकत नाही ना," मास्तर चाचरत म्हणाले. "दोघांची वळत नसेल तर मुलाची..."

"मग ती त्यांची नाहीच!" कडेच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

जिभेला हाड नसतं हेच खरं. मास्तरांनी डस्टर आपटलं, ओरडणाऱ्याला उभं केलं, पण हसणं भिंतींवर आदळून परत येत राहिलं. भिंगरीही आधी हसली. मग तिचं हसू हळूहळू विझलं. ती खाली बसली आणि सवयीने मागे वळली. या वेळी तिने काही विचारलं नाही, नुसती बघत राहिली. मास्तरही बाईंकडेच बघत होते.

बाईंचं तोंड उघडलं होतं. अगदी शब्द ओठांशी आला होता. त्यांनी तो गिळला आणि खिडकीकडे पाहिलं. बाहेर मैदानात कुणीही नव्हतं. पेन्सिल मात्र आपसूक चालली. 'शिक्षकाने आराखड्याप्रमाणे उत्तर दिले: होय.'

तास संपताच त्यांनी जिन्याखालच्या कोपऱ्यात जाऊन मार्गदर्शकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"हे बघा," मार्गदर्शक शांतपणे म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते, त्यांचा आवाज कधीच चढत नसे, हीच तर पंचाईत होती. "निरीक्षक बोलला की निरीक्षण मेलं. तुम्ही ह्याच वर्गाला वेगळं सांगितलंत तर बाकीच्या शाळांशी तुलना कशी करणार?"

"सर, पण ते चूक आहे. आणि मूल..."

"महिनाभर कळ काढा. परीक्षा होऊ दे, मग वर्गात जाऊन काय ते सविस्तर समजावा. मी अडवतोय का?" मग ते म्हणाले, "मॅडम, काठाशी आलेली होडी कुणी बुडवतं का?"

बाईंनी फोन ठेवला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते त्यांना त्या कोपऱ्यात नीट कळलं. दाबणारा हात मार्गदर्शकांचा म्हणावा तर त्यांनी फक्त आठवण करून दिली होती. नियम बाईंना आधीपासून पाठ होता, दुसऱ्यांना त्या तो वर्षानुवर्षं शिकवत आल्या होत्या. महिना तो काय, त्यांनी स्वतःला समजावलं. मुलं विसरतात.

पण पुढच्या खेपेला भिंगरी मागे वळली नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. बाईंची पेन्सिल एकदा मुद्दाम म्हणावी इतक्या जोरात मोडली, तरी खांद्यावरून खोडरबर आलं नाही. ती समोर बघत बसायची आणि मास्तरांनी काही विचारलं तरी हात वर करायची नाही. कागदावर 'विद्यार्थ्याने स्वतःहून हात वर केला' अशी एक चौकट होती. तिच्या बाकासमोरची ती चौकट बाई रिकामी ठेवत होत्या.

उजळणीच्या तासाला बाई आल्या तेव्हा मास्तर वर्गाबाहेरच उभे होते. आराखड्याची सुरळी करून ते ती मुठीत पिळत होते.

"बाई, तुमच्याशी बोलायचं नसतं ते माहितेय मला. तुम्ही नका बोलू, मी बोलतो." त्यांनी आवाज खाली आणला. "काल भिंगरीची आई आली होती. म्हणे, पोरगी जेवताना जेवत नाही, आमची नाकं बघते, कान बघते. रोज एकच विचारते, मला कुठून आणलं? बापाने हसण्यावारी नेलं, तर रडून गोंधळ घातला. आई मला म्हणते, तुम्ही असं शिकवलंत तरी काय?"

बाईंनी वर्गाच्या दाराकडे पाहिलं.

"मी काय सांगणार? मी वाचून दाखवलं. तुमच्याच कागदावरचं." त्यांनी मान वर केली. "खरं आहे ना हो ते?"

घंटा झाली. बाई उत्तर न देता आत गेल्या आणि आपल्या बाकावर बसल्या. मास्तर क्षणभर तिथेच उभे राहिले. ते मागून आत आले तेव्हा त्यांनी बाईंकडे पाहणं टाळलं.

आराखड्याप्रमाणे आज प्रत्येकाने आपला तक्ता फळ्यावर उतरवायचा होता. आई, बाबा, मी. एकेक मूल जात होतं, खडू कुरकुरत होता. भिंगरी उठली. तिने आईपुढे 'नाही' लिहिलं, बाबांपुढे 'नाही' लिहिलं. मग खडू थांबला. मग 'मी' पुढे तिने लिहिलं, 'नाही'.

"वळत नाही?" मास्तरांनी विचारलं.

तिने मान हलवली. ओठ घट्ट मिटलेले होते. आत जीभ आहे हेसुद्धा कुणाला दिसू नये असे.

"हां!" मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "बघ, मी म्हटलं होतं ना, नीट पाहिलं नसशील म्हणून. बस."

कागदावर याची चौकट होती. 'विद्यार्थ्याने आपली चूक स्वतः दुरुस्त केली.' प्रबंधातलं सगळ्यात मानाचं पान या चौकटीवरच उभं राहणार होतं. बाईंनी पेन्सिल चौकटीवर टेकवली. हात पुढे सरेना. आपल्याच आई-बापाची राहता यावं म्हणून त्या पोरीने आपली जीभ खोटी पाडली होती, आणि ती कशी खोटी पाडायची ते बाईंनीच शुद्ध भाषेत, मुद्देसूद, तिला लिहून दिलं होतं.

बाक करकरला. सगळ्या वर्गाने मागे पाहिलं. भिंत उभी राहिली होती.

"तिची वळते," बाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्या वर्गात न वापरलेला आवाज घोगरा निघाला, म्हणून त्यांनी घसा खाकरून पुन्हा सांगितलं, "तिची जीभ वळते. मी पाहिलीये."

"भिंतबाई बोलल्या!" कुणीतरी कुजबुजलं आणि पुढच्या रांगेतलं एक पोरगं चक्क बाकाखाली लपलं.

बाई पुढे चालत गेल्या. "तिने जे पाहिलं ते बरोबर होतं. चूक माझ्या आराखड्यात आहे. हे सगळं मी लिहिलंय, सरांनी नाही. आई-बाबांची जीभ वळत नसली तरी मुलाची वळू शकते. एकाच दिवशी जन्मलेली, एकमेकांसारखी दिसणारी जुळी भावंडं असतात ना? त्यांच्यातसुद्धा एकाची वळते, दुसऱ्याची नाही. जिभेवरून कुणी कुणाचं आहे की नाही हे ठरत नाही. कध्धीच नाही."

भिंगरी आपल्या बाकाशी उभी होती, अजून बसली नव्हती.

"तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मी बोलले त्या दिवशीपण?"

"हो."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

बाईंनी सांगायचा प्रयत्न केला. विद्यापीठ, मुदत, बाकीच्या शाळा, तुलना. घरी, महाविद्यालयात, जिन्याखाली ही कारणं केवढी डोंगराएवढी वाटत होती. या मुलीसमोर ठेवायला गेल्यावर त्यातलं एकही हातात येईना.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

भिंगरी खाली बसली आणि तिने समोर तोंड केलं. तिने क्षमा वगैरे काही केली नाही, आणि बाईंनी ती मागितलीही नसती.

मग वर्गात एकच गलका उडाला. जो तो पुन्हा जीभ काढून शेजाऱ्याला दाखवत होता. बाई आपल्या बाकाकडे वळल्या तसे मास्तर मागोमाग आले आणि वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, मी कुणाला सांगायचा नाही. पोरांचं कोण ऐकतंय? आजचा तास झालाच नाही समजा. पुढच्या आठवड्यात परत घेऊ, जसाच्या तसा."

ते मनापासून म्हणत होते. आणि खरंच, कुणाला कळलं नसतं. मार्गदर्शकांनाही नाही. बाईंच्या डोळ्यांपुढे यजमानांचा सुस्कारा आला, कपाटातल्या पेट्या आल्या, सासूबाई दारात उभ्या राहून 'झालं का एकदाचं?' विचारताना दिसल्या. एकदा वाटलं, एवढं सोसलं, त्यात हे एवढंसं.

कागदाच्या तळाशी एक चौकट होती. कुठल्याच शाळेत तिला कधी पेन्सिल लागली नव्हती. 'निरीक्षकाने हस्तक्षेप केला.' बाईंनी पेन्सिल बाजूला ठेवली, पर्समधून शाईचं पेन काढलं आणि तिथे लिहिलं, 'होय.' खाली सही केली. मास्तरांनी ते पाहिलं, मान हलवली आणि ते फळ्याकडे परत गेले.

तास संपायला अजून वेळ होता. उठून जाता आलं असतं. पण बाईंना दुसरीकडे कुठे जायचं ते सुचेना, म्हणून त्या बसून राहिल्या.

"चला, गप्प बसा आता," मास्तर म्हणाले. हातातली सुरळी त्यांनी टेबलावर टाकली. आराखड्याशिवाय काय बोलायचं ते त्यांना चटकन आठवेना. "कुणाला काही विचारायचंय?"

मग बाईंच्या पुढच्याच बाकावरून एक हात वर गेला. ती मागे वळली नव्हती. वेणीचा शेंडा तेवढा पाठीवर हलत होता.

"सर, मग पुस्तकात असं चुकीचं कसं काय छापतात?"

बाईंनी पेन्सिल उचलली. त्या कागदावरचं आता काहीही कुठल्याच बेरजेत जाणार नव्हतं. तरी त्यांनी 'विद्यार्थ्याने स्वतःहून हात वर केला' ही चौकट शोधली आणि तिच्यात एक नीट, ठळक खूण केली.